एकोणीस व्होल्ट

मारलं दादानं. धरून ठेवलं पैलवाननं. पण गणित माझं होतं, आणि ते मी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं. आता कुणी सांत्वनाला येऊन म्हणतं, ताई, तुमचा यात काय दोष, तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

माझं नाक पहिल्यापासून वर. आमचं हीटर कॉइलचं दुकान आहे. पुढे कामाची खोली, मध्ये अंगण, अंगणापलीकडे राहायचं घर. भट्ट्यांना, गिझरना, इस्त्र्यांना लागणाऱ्या तारा मी वळते. नायक्रोमची तार सळईवर गुंडाळायची, ओढून चिनीमातीच्या नळीत बसवायची, टोकं आवळायची, मोजायची. सव्वीस वर्षं हेच. ऑर्डरी दादा आणतो, मोजमाप माझं. बाबा होते तेव्हा म्हणायचे, करंट गुणिले रेझिस्टन्स म्हणजे व्होल्ट, एवढं पोटात ठेव, बाकी जग गेलं उडत. मी ठेवलं. कुणाच्या भट्टीवर व्होल्टमीटर नसला तरी माझं कधी अडलं नाही. तार किती ओहमची ते मला माहीत असतं, करंट मीटरवर दिसतो, गुणाकार केला की व्होल्ट हातात. दहा अँपिअर, तेवीस ओहम, दोनशे तीस व्होल्ट. कागदसुद्धा लागत नाही. गल्लीत मला मीटरताई म्हणतात आणि मला ते आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू.

नायक्रोम ही सरळ स्वभावाची तार. थंड असताना मोजा नाहीतर लालबुंद करून मोजा, ओहम जवळपास तेवढेच. शंभरात चार-पाचचा फरक पडला तर पडला. म्हणून आमच्या घरी मोजायचं ते थंड. मीटरच्या दोन काड्या टोकांना लावल्या, आकडा वाचला, संपलं. बाबा तसंच करायचे, मी तसंच करते. सव्वीस वर्षांत माझा आकडा कधी खोटा पडला नव्हता.

धाकटा आमचं शेंडेफळ. सत्तावीस वर्षांचा घोडा झाला तरी आई त्याचं डोकं टॉवेलनं पुसून द्यायची. त्याला एका जागी बसवायचं नाही. मला म्हणायचा, "ताई, तुझं काम म्हणजे दिवसभर वेण्या घालणं." तो गेला टाक्यांच्या कामावर. रंगाच्या कारखान्यात पोलादी टाक्या असतात, दोन पुरुष उंच, वर माणूस जेमतेम जाईल एवढं भोक. शिडीनं आत उतरायचं, गंज खरवडायचा, फुटलेला सांधा वेल्डिंगनं भरायचा. आत मिट्ट काळोख, चारी बाजूंनी लोखंड आणि माणूस घामानं निथळणारा. म्हणून आत न्यायचा जाळीचा हातदिवा मेन लाइनवर लावत नाहीत. बाहेर एक लहान ट्रान्सफॉर्मर ठेवतात, तो दोनशे तीसचे चोवीस करतो, आणि चोवीसवर दिवा चालतो. चोवीस व्होल्टनं माणूस मरत नाही.

आमचा धाकटा त्या टाकीत मेला. मंगळवारी, सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास. जवळ एकच माणूस होता, त्याच्या जोडीचा फिटर.

फिटर चाळिशीचा, हडकुळा, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. तो टाकीच्या तोंडाशी उभा, धाकटा आत. त्यानं पोलिसांना सांगितलं ते असं. सकाळी ट्रान्सफॉर्मर जळला. दुसरा आणायला स्टोअरमध्ये माणूस पाठवला तो परत येईना. धाकट्याला दम कुठला? त्यानं पॅसेजमधला साधा बल्ब काढून हातदिव्यात बसवला, आणि वायर ट्रान्सफॉर्मर टाळून सरळ मेनला जोडली. फिटर नको म्हणाला, तर धाकटा हसला. अर्ध्या-पाऊण तासानं आतून ओरडल्याचा आवाज आला, तो मध्येच तुटला, आणि धप्प झालं. फिटरनं आधी लाइन बंद केली, मग आत उतरला. धाकटा तळाला पडला होता. डोकं मागून फुटलं होतं.

कारखान्यानं कानांवर हात ठेवले. म्हणाले, आमच्याकडे टाकीत चोवीसच असतात, शिडीवरून पाय घसरला असेल. पोलीस म्हणाले, डॉक्टरांचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागतील.

पंधरा दिवस. ज्याच्या घरात माणूस गेलं आहे त्याला पंधरा दिवस थांब म्हणून सांगून बघा.

आणि आम्हाला आठवत होतं ते वेगळंच. आठवडाभर आधी धाकट्यानं चेनपुलीचा हूक नीट अडकवला नव्हता. टाकीचं झाकण सुटून खाली आलं, फिटरचा पाय थोडक्यात वाचला. फिटरनं त्याला सगळ्यांदेखत दोन कानफटात दिल्या. धाकटा घरी येऊन धुमसत होता, "याला एक दिवस बघून घेतो." आईनं तेवढं धरलं. माझ्या पोरानं बघून घ्यायच्या आधी त्यानंच घेतलं, म्हणाली. शिडीवर पाठमोरा होता, मागून पाना घातला डोक्यात. तिनं बघितल्यासारखं सांगायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत आम्हीही बघितल्यासारखं ऐकायला लागलो.

शुक्रवारी कारखान्यानं धाकट्याची पिशवी पाठवली. त्यात त्याचे हातमोजे, डबा, आणि कशी कुणास ठाऊक, तो हातदिवाही. जाळी थोडी वाकलेली, आत बल्ब शाबूत. काच काळवंडलेली, वरचा छाप पुसला गेलेला, किती व्होल्टचा ते वाचता येत नव्हतं. दादानं कारखान्यात जाऊन पॅनेलच्या नोंदवहीचा फोटो काढून आणला होता. तिथे दर तासाला प्रत्येक लाइनचे आकडे लिहितात. मंगळवार, अकरा वाजता, टाकीच्या दिव्याची लाइन, करंट शून्य पूर्णांक पंचेचाळीस अँपिअर. शेजारच्या व्होल्टच्या रकान्यात आडवी रेघ. त्यांचा व्होल्टमीटर सहा महिने बंद होता.

दादा म्हणाला, "ताई, यावरून काही कळेल?"

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण मला ताईच म्हणतो. हात मोठे, डोकं तापट, माझ्यासारखंच. आईही अंगण ओलांडून आली होती. आमचा मावसभाऊ पैलवान दारात उभा होता. त्यानं आयुष्यात कुस्ती खेळलेली नाही, नुसता दांडगा आहे म्हणून पैलवान. तिघं माझ्याकडे बघत होते. मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. चार दिवस मी नुसती रडत होते, आता माझ्या हाताला काम मिळालं.

मी हातदिव्याच्या वायरच्या टोकांना मीटरच्या काड्या लावल्या. बेचाळीस ओहम. टेबलावर खडूनं मांडलं. पंचेचाळीस शतांश गुणिले बेचाळीस. अठरा पूर्णांक नऊ. म्हणजे एकोणीस व्होल्ट.

"एकोणीस," मी म्हणाले. "जुना ट्रान्सफॉर्मर, लांब वायर, चोवीसचे एकोणीस झाले. पण होते चोवीसवालेच. मेन लाइन असती तर दोनशे तीस आले असते."

"म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे फिटर खोटं बोलतोय. ट्रान्सफॉर्मर चालू होता. एकोणीस व्होल्टनं झुरळ मरत नाही, माणूस काय मरेल? शॉक बसलाच नाही त्याला."

"शॉक नाही, तर डोकं कशानं फुटलं?"

  पैलवाननं दाराची चौकट सोडली आणि आत आला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. धाकट्याला घरी आणलं तेव्हा मी त्याचा उजवा हात धरून बसले होते. तळव्यावर एक पांढरट, कडक डाग होता, मध्ये खड्डा पडलेला. मी तो बोटानं चाचपला होता. वेल्डिंगवाल्याच्या हातावर डागांना काय तोटा, म्हणून सोडून दिलं. शुक्रवारी टेबलाशी उभी असताना तो डाग मला आठवला होता, आणि विजेचा चटका असाच उठतो हेही. मी तो बाजूला सारला. एकोणीस हा आकडा मला हवा होता. आईला खुनी हवा होता, दादाला मारायला माणूस हवा होता, आणि माझ्याकडे तो तीन ओळींत तयार झाला होता.

आई एवढंच म्हणाली, "ज्या हातानं मारलं ते हात मोडा." मग घरात जाऊन झोपली. चार दिवसांत पहिल्यांदा झोपली.

रविवारी दुपारी गल्ली बंद असते. दादानं फिटरला फोन केला, धाकट्याच्या सामानात तुमची अवजारं आली आहेत, घेऊन जा. तो सायकलवरून आला. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. बायकोनं आईसाठी काहीतरी दिलंय म्हणून एक डबा हँडलला लटकवलेला. त्यानं चपला बाहेर काढल्या, आत आला, आणि पैलवाननं मागून शटर ओढलं.

"अवजारं कुठायत?" त्यानं विचारलं.

दादानं पहिला ठोसा तोंडावर घातला. फिटर मागे नळ्यांच्या खोक्यावर आदळला, चिनीमाती फुटल्याचा आवाज झाला. तो उठायच्या आत पैलवाननं त्याचे दोन्ही हात मागे पिरगाळले. मी माझ्या टेबलाशी, रबरी मॅटवर उभी होते. तिथे मी रोज उभी असते. हलले नाही.

"पाना कशाला घातलास?" दादा विचारत होता. प्रत्येक वेळी विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता मारायचा. "पाठमोरा होता ना तो? काय केलं होतं त्यानं? हूकच सुटला ना?"

"दादा, मी नाही, शॉक बसला त्याला, शॉक."

"एकोणीस व्होल्टचा?"

फिटरला ते कळलंच नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला ठणकावून सांगितलं, टेबलावरचं खडूचं गणित दाखवून. करंट तुमच्या वहीतला, बल्ब तुमच्या दिव्यातला, ओहम मी मोजलेले. उचलली जीभ लावली टाळ्याला असं आमच्याकडे चालत नाही. तो रक्त गिळत ऐकत होता. मग म्हणाला, "बल्ब मेनचा होता, ताई. पॅसेजमधला. मी डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांवर गणित चालत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. दादाचं नाही, पैलवानचं नाही.

दादानं कोपऱ्यातला लोखंडी पाइप उचलला. पैलवाननं फिटरचा उजवा हात लाकडी ठोकळ्यावर दाबून धरला. ज्या ठोकळ्यावर मी टोकं ठोकते तोच. पाइप खाली आला. हाड मोडल्याचा आवाज लाकूड मोडल्यापेक्षा लहान असतो. फिटर ओरडला नाही, त्याचा श्वासच आत गेला आणि बाहेर यायला विसरला. दुसऱ्या वेळी तो ओरडला. मग डावा हात. मग तो बेशुद्ध पडला आणि दादानं बादलीभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. फरशीभर पाणी झालं. माझी मॅट तेवढी कोरडी राहिली.

मला दया आली का? नाही. मी खोटं सांगणार नाही. मला धाकट्याचं फुटलेलं डोकं दिसत होतं आणि वाटत होतं, अजून कमीच आहे.

शुद्धीवर आल्यावर फिटरनं दादाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. ओठ सुजून बोलता येत नव्हतं, तरी एकेक शब्द नीट लावून बोलला. "ताई. तो बल्ब एकदा लावून बघा. चोवीसवर. नुसता लावून बघा."

मला असा राग आला. एवढं झालं तरी हा मला माझं काम शिकवतो? सुंभ जळाला तरी पीळ जाईना. "दाखवतेच तुला," मी म्हणाले, आणि माझा व्हेरिअ‍ॅक पुढे ओढला. त्याची मूठ फिरवली की शून्यापासून अडीचशेपर्यंत हवे तेवढे व्होल्ट मिळतात, कॉइल तपासायला तो लागतोच. बाहेर दोन वायरी, टोकाला दांडीवाल्या काड्या. त्या हातदिव्याला लावल्या, मध्ये अँपिअरचं मीटर घातलं. मूठ एकोणीसवर आणली. काटा पंचेचाळीसवर जाईल, त्याला तो दाखवीन, आणि मग दादा काय करायचं ते करेल.

काटा अकरावर थांबला.

शून्य पूर्णांक अकरा. बल्बमधली तार मंद लाल झाली होती, विझत आलेल्या विडीएवढी. त्या उजेडात टाकीत काय, माझ्या टेबलावरसुद्धा काही दिसलं नसतं.

मी काड्या काढून पुन्हा दाबून बसवल्या. अकराच. मूठ चोवीसवर नेली. बारा-तेरा.  साठवर नेली, काटा वीसला. एकशेवीसवर तीस. दोनशे तीसवर बल्ब भगभगून पेटला, सगळी खोली उजळली, फरशीवरचं लाल पाणी दिसलं, आणि काटा पंचेचाळीसवर जाऊन उभा राहिला.

 दादाला काटा वाचता येत नाही. मला येतो.

दोनशे तीस भागिले पंचेचाळीस शतांश. पाचशे अकरा ओहम. थंड असताना बेचाळीस, पेटल्यावर पाचशे अकरा. बल्बची तार नायक्रोमची नसते. ती पेटली की तिचा रेझिस्टन्स बारापट होतो. हे कुठल्याही शाळेच्या पुस्तकात असेल. मी सव्वीस वर्षं फक्त नायक्रोम वळली, आणि सगळ्या तारा माझ्याच तारेसारख्या वागतात असं धरून चालले. पेटलेल्या दिव्याचा करंट घेतला आणि विझलेल्या दिव्याचा रेझिस्टन्स. दोन वेगळ्या वेळांचे आकडे एका ओळीत लिहिले आणि गुणाकार केला.

"दादा," मी म्हणाले. "चुकलं."

"काय चुकलं?"

"मेनचा बल्ब आहे. दोनशे तीस होते. हा खरं बोलतोय. धाकटा शॉकनंच गेला."

दादानं पाइप खाली टेकवला. पैलवाननं फिटरचे खांदे सोडले, तसा फिटर बाजूला कलंडला. त्याचे दोन्ही पंजे फरशीवर पडले होते, बोटं भलत्याच दिशांना. एवढ्यात मागचं दार वाजलं. आई आली होती. तिनं सगळं बघितलं आणि माझ्याजवळ आली.

"पोरी, तू गणित केलं होतंस ना?"

"चुकीचं केलं, आई. मी थंड मोजलं. पेटवून मोजायला हवं होतं."

"मग माझ्या पोराला मारलं कुणी?"

"कुणी नाही. त्यानंच दिवा मेनला जोडला. फिटर नको म्हणाला होता."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. मग दुसरी. पासष्ट वर्षांच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "माझं पोर मूर्ख नव्हतं," ती म्हणाली. "तो असा मरणार नाही. तू नीट मोज. परत मोज." ती मला दंडाला धरून हलवत होती. तिला माझ्याकडून पुन्हा एकोणीस हवे होते. मी म्हणाले असते तर तिनं मला पोटाशी धरलं असतं.

"परत मोजलंय," मी म्हणाले.

दादा एवढा वेळ फिटरकडे बघत उभा होता. त्याचा चेहरा बदलला होता. राग गेला होता. राग होता तोवर बरं होतं.

"आता याला घरी कसा सोडायचा?" तो म्हणाला.

"टेम्पो काढ. हॉस्पिटलात नेऊ."

"आणि तिथे तो काय सांगेल? की गणित चुकलं म्हणून माझे हात मोडले? मी आत जाणार, पैलवान आत जाणार. आईला कोण बघणार?" तो हे अगदी शांतपणे बोलत होता, ऑर्डर कधी द्यायची ते ठरवावं तसं. "खून केला म्हणून मारलं तर लोक समजून घेतील. तो खुनीच होता. ताई, तू काही मोजलं नाहीस. बल्ब फोड."

"दादा, वेड लागलंय का तुला?"

"बल्ब फोड म्हणतो ना."

फिटरला सगळं ऐकू येत होतं. तो कोपरांवर सरपटत शटरकडे जायला लागला. हात चालत नव्हते म्हणून कोपरांवर. दोन फूट गेला असेल. दादानं पाइप उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला, मागून. फिटरचं तोंड पाण्यात आदळलं.

पैलवान रडायला लागला. एवढा धिप्पाड बाप्या तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखा रडायला लागला. दादानं दुसऱ्यांदा पाइप वर नेला. मी दिव्याच्या टोकांवरच्या काड्या ओढून काढल्या होत्या, कधी ते मला आठवत नाही. वायर लांब होती, माझी कॉइल कुठेही असली तरी पोचावी म्हणून लांबच ठेवली आहे. दादा अनवाणी होता, पाण्यात उभा होता, हातात लोखंड होतं. मला हे सगळं माहीत होतं. या वेळी मी काहीही धरून चालले नव्हते.

"दादा, दोनशे तीस आहेत," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी त्याला मारणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. मी मॅटवरूनच वाकून काडी पाइपला टेकवली.

तो ताठ झाला. दात एकमेकांवर आपटले, गळ्यातून भलताच आवाज आला, आणि मला कळलं की टाकीतून फिटरला ऐकू आला तो हाच. मी काडी लगेच ओढली. दादा कोसळला, पाइप खणखणत गेला. आई त्याच्यावर पडली. त्याची छाती खालीवर होत होती, डोळे उघडे होते, तो मला शिव्या द्यायचा प्रयत्न करत होता. जिवंत होता. मी मेन बंद केला आणि पैलवानच्या कानाखाली वाजवली. "टेम्पो काढ," म्हणाले.

फिटरला आम्ही दोघांनी उचललं. त्याचं वजन काहीच नव्हतं. टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकदा त्यानं डोळे उघडले तेव्हा मी त्याला सांगितलं, "तुम्ही खरं बोलत होता." त्याला ते ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. मला तो प्रश्न रोज छळतो.

पोलीस चौकीत मी सगळं सांगितलं. दादाचं नाव, पैलवानचं नाव, पाइप, ठोकळा, तारीख, वेळ. मग म्हणाले, माझंही नाव लिहा. साहेबांनी विचारलं, तुम्ही मारलं का? म्हटलं, नाही, मी गणित केलं. ते पेन हातात धरून थांबले. गणिताला कलम नाही, बाई, म्हणाले. शटरच्या आत हजर होते म्हणून माझं नाव लिहिलं, आणि बोलावू तेव्हा या म्हणून सोडलं. आई माझ्याशी बोलत नाही. घरातली माझी ताटवाटी तिनं अंगणात आणून ठेवली आहे.

फिटर तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. शुद्धीवर आला नाही.

मी वॉर्डाबाहेर होते. तीन दिवस तिथेच बसत होते, बायकोसमोर जायचा धीर होत नव्हता. ती बारीक चणीची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. शेजारी तिची नणंद. मी उठून गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नायक्रोम, बल्ब, थंड, गरम, बेचाळीस, पाचशे अकरा. नणंद मध्येच अंगावर धावून आली, माझे केस धरले. मी मारू दिलं. बायकोनंच तिला मागे ओढलं. तिला ऐकायचं होतं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"ते पेटवून बघायला," तिनं विचारलं, "किती वेळ लागतो?"

खूप वेळ लागतो, असं म्हणावंसं वाटलं. मशीन लागतं, सोय लागते, काहीतरी.

"दोन मिनिटं," मी म्हणाले.

 ती नणंदेकडे वळली आणि तिला ऐकू आलं नसेल असं समजून हळू आवाजात म्हणाली, "दोन मिनिटं लागतात म्हणते."